विचारांनी जगण्याचा अनुभव खरंच बदलतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की ‘विचार बदला, आयुष्य बदलेल’ असं जो तो सांगतो, तुम्ही वर्षभर सकारात्मक विचार करून पाहिलात, फरक काही पडला नाही. मग यात तथ्य आहे की हे नुसतं बोलणं आहे?

तथ्य आहे. पण ‘सकारात्मक विचार’ या नावाखाली आपल्याला जे शिकवलं जातं त्यात ते फारसं नाही, असं माझं मत आहे. हे मत पुस्तकातून आलेलं नाही, म्हणून जसं घडलं तसंच सांगतो.

२०१६ चा जून. डोंबिवली ते दादर या प्रवासाला मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. ठरलेली फास्ट लोकल, ठरलेला डबा. त्या काळी फास्ट गाड्या दिवा ओलांडलं की पारसिकच्या बोगद्यातून ठाण्याकडे जायच्या. (आता नवीन मार्गिका झाल्यापासून लोकल मुंब्र्यावरून जातात, बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांना राहिला.) बोगदा १९१६ सालचा, लांबी साधारण १.३ किलोमीटर. एरवी दीड-दोन मिनिटांत मागे पडतो. त्या दिवशी पाऊस होता, खिडक्या लावलेल्या होत्या, आणि गाडी बोगद्यात हळू होत होत थांबली.

छातीत एक ठोका चुकल्यासारखा झाला. बस, सुरुवात एवढीच होती. असा ठोका त्याआधीही कधीतरी चुकला असेल, पण लक्ष गेलं नसेल. त्या दिवशी लक्ष गेलं आणि डोक्यात एकच शब्द आला: हार्ट. माझे वडील ५२ व्या वर्षी हृदयविकारानं गेले, आणि मी तेव्हा ४४ चा होतो. पुढच्या मिनिटाभरात घशाला कोरड पडली, ओठ बधिर झाले, बोटांना मुंग्या आल्या, हातपाय गार पडले. आपण इथेच, या अंधारात, उभ्या उभ्या जाणार आणि गाडी हलेपर्यंत घरी कळणारही नाही, असं पक्कं वाटलं. ‘वाटलं’ हा शब्दसुद्धा कमी पडतो. ती माझ्यासाठी वस्तुस्थिती होती. शेजारच्या एकानं पाण्याची बाटली तोंडाला लावली, दुसऱ्यानं वर्तमानपत्रानं वारा घातला, आणि ठाण्याला दोघं अनोळखी प्रवासी आपली गाडी सोडून माझ्याबरोबर उतरले. त्यांची नावंही मी विचारली नाहीत, याची रुखरुख अजून आहे.

रुग्णालयात ईसीजी व्यवस्थित आला. नंतर टूडी एको झाली, स्ट्रेस टेस्ट झाली, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून झालं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. आईनं मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. आणि माझं आयुष्य मात्र त्या दिवसापासून आक्रसत गेलं.

फास्ट सोडून मी स्लो गाडी धरली, कारण ती दर स्टेशनाला थांबते आणि उतरता येतं. दाराजवळच उभा राहायचो. खिशात जिभेखाली ठेवायची गोळी, पिशवीत पाणी, आणि दर पाच मिनिटांनी मनगटावर दोन बोटं. दिवाळीपर्यंत स्लो गाडीही जमेना. दोनदा कुर्ल्याला उतरून परत घरी आलो. राजीनाम्याचा अर्ज लिहून तो कपाटात ठेवला होता.

याच काळात मीही तुमच्यासारखा सकारात्मक विचार करत होतो, अगदी मनापासून. ऑफिसातल्या एका मित्रानं सांगितलं होतं, गाडीत बसलास की म्हणत राहा, ‘मी ठणठणीत आहे, मला काही होणार नाही.’ मी म्हणायचो. आणि प्रत्येक वेळी म्हटलं की लगेच छातीकडे लक्ष जायचं, की खरंच ठणठणीत आहे ना? ज्या भीतीला झाकायला ते वाक्य आणलं होतं, तिची आठवण तेच वाक्य दर मिनिटाला करून देत होतं. म्हणून तुम्ही ‘फरक पडला नाही’ असं लिहिलंत तेव्हा मला नवल वाटलं नाही. यात तुमची इच्छाशक्ती कमी पडली असं कृपा करून समजू नका.

नोव्हेंबरात बायकोनं माझ्या वतीनं वेळ घेतली आणि मला मानसोपचार करणाऱ्या एका बाईंकडे घेऊन गेली. त्यांनी सगळे रिपोर्ट नीट वाचले आणि मग विचारलं, “छाती इतकी जोरात धडधडण्याची वेळ बोगद्याखेरीज आणखी कधी आली?”

मी म्हटलं, कधीच नाही.

“गाडी पकडायला कधी पळता की नाही?”

डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न! आठवड्यातून दोनदा तरी मी पूल दोन-दोन पायऱ्या चढून, सुटत्या गाडीत शिरत असे. तेव्हा छाती भात्यासारखी चाललेली असते, कानात ठोके ऐकू येतात, घामानं शर्ट पाठीला चिकटतो. आणि आपण काय करतो? रुमालानं तोंड पुसतो आणि समोरच्याला म्हणतो, जरा आत सरका ना.

“तेव्हा भीती का वाटत नाही?” त्यांनी विचारलं.

“धावलो म्हणून धडधडतंय, हे माहीत असतं.”

“आणि बोगद्यात स्वतःला काय सांगता?”

मी उत्तर दिलं नाही. द्यायची गरजही नव्हती. धडधड दोन्हीकडे होती, कदाचित पुलावरची जास्तच असेल. पण एकीकडे तिला ‘धावलो’ असं नाव होतं आणि दुसरीकडे ‘मरतोय’ असं. मला आलेला अनुभव त्या नावाचा होता.

पुढच्या भेटीत त्यांनी मला खुर्चीत बसवून दोन मिनिटं भरभर, खोल श्वास घ्यायला सांगितलं. (हे घरी एकट्यानं करू नका. हृदयविकार, दमा, फिट्सचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर मुळीच नको.) चाळीसेक सेकंदांत ओठांना मुंग्या आल्या. मग बोटं ताठरली, डोकं हलकं झालं, समोरची भिंत लांब गेल्यासारखी वाटली. हुबेहूब बोगदा! मी खुर्चीचे हात घट्ट धरले. त्या शांतपणे म्हणाल्या, “आता नेहमीसारखा श्वास घ्या आणि काय होतं ते बघत बसा.” तीन-चार मिनिटांत सगळं ओसरलं. त्या खोलीत बोगदा नव्हता, गर्दी नव्हती, हृदयाला काही झालेलं नव्हतं. नुसत्या श्वासानं हे सगळं झालं होतं.

मग त्यांनी कारण समजावलं. घाबरल्यावर आपण नकळत भराभर श्वास घेतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, आणि त्यातून मुंग्या, हलकं डोकं, अंधारी हे सगळं येतं. मला गाडीत चक्कर येऊन पडण्याची धास्ती असायची. पण चक्कर येऊन पडायला सहसा रक्तदाब खाली यावा लागतो आणि अशा भीतीत तो उलट वर जातो. म्हणूनच भीतीचे इतके झटके येऊनही मी एकदाही पडलो नव्हतो, ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती.

हे चक्र ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली मांडलं. शरीरात काहीतरी किरकोळ जाणवतं, मन त्याचा भयंकर अर्थ लावतं, त्या अर्थानं भीती वाढते, भीतीनं शरीरातली लक्षणं वाढतात, आणि वाढलेली लक्षणं पुन्हा त्या अर्थाचाच पुरावा ठरतात. त्याही आधी, १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी आणि १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात अ‍ॅरन बेक यांनी घटना आणि भावना यांच्या मधला हा विचार उपचाराच्या केंद्रस्थानी आणला होता. एलिस यांच्या पद्धतीला मराठीत विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात आणि आपल्याकडे ती शिकवणारे, वापरणारे बरेच आहेत. हे सगळं घरी सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, “मन चिंती ते वैरी न चिंती.” ही म्हण लहानपणापासून ऐकत आलो, पण तिचा अर्थ त्या दिवशी अंगावर आला.

हे फक्त भीतीपुरतं आहे असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी गंभीर जखमी झालेल्या सैनिकांना विचारलं की वेदनाशामक हवं का. सुमारे तीन चतुर्थांश जणांनी नको म्हटलं. घरी परतल्यावर बीचर यांच्या लक्षात आलं की शस्त्रक्रिया झालेले साधे नागरिक औषधाची मागणी कितीतरी जास्त करतात. त्यांनी लावलेला अर्थ असा, की सैनिकासाठी जखम म्हणजे आघाडीवरून जिवंत सुटका होती, तर नागरिकासाठी ते संकट होतं. मला हे वाचून पूल आणि बोगदा आठवले.

तर माझं म्हणणं असं. आपण ‘मानसिकता’, ‘दृष्टिकोन’ असे मोठे शब्द वापरतो आणि ते एकदम बदलायला जातो. अनुभव घडवतं ते त्याहून फार छोटं असतं. ते एक वाक्य असतं, कधी तर एकच शब्द, आणि ते इतक्या झटकन येऊन जातं की आपल्याला फक्त त्याचा परिणाम जाणवतो. ते वाक्य आधी पकडावं लागतं. त्याच्यावर दुसरं गोड वाक्य चिकटवून भागत नाही, ते खरं आहे का हे तपासावं लागतं. मी एक शंभर पानी वही केली. काय झालं, मी मनात काय म्हटलं, अंगात काय झालं, आणि शेवटी प्रत्यक्षात काय घडलं. तीन आठवड्यांत सतरा नोंदी झाल्या. सतराही वेळा दुसऱ्या रकान्यात ‘आता संपलं’ अशा अर्थाचं काहीतरी होतं आणि चौथ्या रकान्यात ‘ऑफिसला पोचलो’ किंवा ‘घरी आलो’.

पण खरं सांगतो, वहीनंही पूर्ण काम झालं नाही. डोक्याला पटलं तरी पोटाला पटत नव्हतं. खिशातली गोळी होती तोवर मन म्हणत राहिलं, गोळी होती म्हणून वाचलास. ती घरी ठेवून निघालो तो दिवस मला सगळ्यात जड गेला. (ती कुणी मला लिहून दिलेली नव्हती. डॉक्टरांनी दिलेलं औषध असं आपल्या मनानं बंद करू नये.) आधी विचार बदलेल, मग मी फास्ट गाडीत बसेन, असा माझा हिशेब होता. झालं उलटं. आधी बसावं लागलं, विचार मागून आला.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगावीशी वाटते, कारण याबाबतीत मला राग येतो. ज्याचा पगार तीन महिने झाला नाही, किंवा ज्याच्या घरात कुणाला गंभीर आजार आहे, त्याला ‘तुझा दृष्टिकोन बदल’ म्हणणं हा अन्याय आहे. २०२० मध्ये माझा पगार निम्म्यावर आला. घराचा हप्ता कोणत्याही विचारानं कमी झाला नाही, तो बँकेनंच घेतला. विचारानं एवढंच केलं की ‘मी नालायक ठरलो’ हे वाक्य मी पहिल्याच रात्री ओळखलं आणि बायकोला त्याच रात्री सगळं सांगितलं. आधीचा मी असतो तर दोन महिने लपवलं असतं. एवढा फरक पडतो. मला तो पुष्कळ वाटतो.

तुम्ही वर्षभर झगडताय असं लिहिलंत, पण कशाशी ते लिहिलं नाहीत. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, कशातच मन लागत नसेल, तर एकट्यानं वही घेऊन बसू नका, जाणकाराकडे जा. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येतं. आणि छातीत दुखत असेल तर आधी हृदय तपासून घ्या, मीही तेच केलं होतं.

२०१७ च्या मार्चमध्ये मी पुन्हा फास्ट लोकलला चढलो. गोळी नाही, पाणी नाही. दिवा गेलं, आवाज घुमायला लागला, डब्यातल्या ट्यूबलाइट एकदम ठळक झाल्या, आणि ठोका आलाच. मी त्याला थोपवलं नाही, मनगटही धरलं नाही. “धडधडतंय,” एवढंच मनात म्हटलं आणि बघत राहिलो. खिडकीपाशी एक आजोबा संत्रं सोलत होते, त्याचा वास अर्ध्या डब्यात पसरला होता. अकरा वर्षांत त्या बोगद्यात कसला वास येतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मग उजेड आला, कळव्याची कारशेड आली, खाडीचा पूल आला. ठाण्याला उतरणाऱ्या गर्दीनं मला दाराकडे ढकललं तेव्हा मी “दादर, दादर” म्हणत आत सरकलो.