तळाशी खडे, नाकाला कुबट वास

प्रश्न: आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलेल्या व्हाइट वाइनच्या तळाशी साखरेसारखे चमकणारे कण दिसले. काचेचा चुरा असेल का?

उत्तर: बहुधा नाही. ते पोटॅशियम बायटार्ट्रेट असावं, म्हणजे द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचा क्षार. बेकिंगमधलं क्रीम ऑफ टार्टर हेच. थंडीत तो कमी विरघळतो आणि तळाशी बसतो. खात्रीसाठी कण गरम पाण्यात ढवळून पाहा, काच विरघळत नाही. बाटलीत भरण्यापूर्वी वाइन उणे ४ अंश सेल्सिअसच्या आसपास काही दिवस ठेवून हे खडे टाकीतच पाडून घेता येतात. काही वाइनकार मुद्दाम तसं करत नाहीत. खड्यांपायी चांगली वाइन ओतून देऊ नका. बाटली दोनेक तास उभी ठेवा, सावकाश ओता, शेवटचा घोट आतच राहू द्या.

प्रश्न: रेड वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येत होता. दोन तास डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून ओतून ठेवायच्या रुंद भांड्यात, ठेवूनही गेला नाही. आमचं काय चुकलं?

उत्तर: तुमचं काही चुकलं नाही. हा बहुतेक वेळा बुचाचा दोष असतो. बुचाच्या सालीतली बुरशी क्लोरीनयुक्त संयुगांपासून ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल तयार करते. लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, एवढंही नाकाला पुरतं. आरोग्याला अपाय नाही, पण हवा देऊन हा वास जात नाही. खरी पंचाईत दोष सौम्य असतो तेव्हा होते: पुठ्ठा जाणवतच नाही, फक्त फळाचा सुगंध दबतो आणि वाइनच बेचव आहे असं वाटतं. नाक या वासाला लवकर सरावतं, म्हणून पहिला वास महत्त्वाचा. पेल्यात ५० मिलिलिटर ओता, न फिरवता हुंगा, मग फिरवून पुन्हा. नुसतं बूच हुंगून निदान होत नाही. वाइन दोषी निघाली तर न संपवता दुकानात परत करा.

सडक्या अंड्याचा वास मात्र वेगळा. आंबताना यीस्टला नायट्रोजन कमी पडला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. एका भांड्यातून दुसऱ्यात दोन-तीनदा ओतल्यावर तो बऱ्याचदा उडून जातो. व्हिनेगरचा वास हे अ‍ॅसिटिक आम्लाचं काम. त्यावर घरी इलाज नाही.

प्रश्न: पेल्याच्या कडेने ओघळ उतरतात. जितके जास्त, तितकी वाइन उंची?

उत्तर: नाही. कडेच्या पातळ थरातून अल्कोहोल पाण्याआधी उडतं, तिथला पृष्ठताण वाढतो, द्रव वर ओढला जाऊन थेंबांनी खाली येतो. त्यावरून अल्कोहोलचा अंदाज येतो, दर्जाचा नाही.

प्रश्न: उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

उत्तर: साधारण ३ ते ५ दिवस. उरलेली वाइन लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरा, घट्ट बंद करा, फ्रिजमध्ये ठेवा. रेडसुद्धा. ती पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढा.