दोन फायली बदलल्या, आता काय काय द्यायचं?

प्रश्न : आमचं सॉफ्टवेअर आम्ही विकतो, सोर्स (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ कोड) देत नाही. त्यात एलजीपीएल २.१ या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याची एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, आहे. ती तारखा चुकीच्या वाचत होती, म्हणून आम्ही तिच्या दोन फायली दुरुस्त केल्या. आता आमचा सगळा कोड खुला करावा लागेल का? साहेब म्हणतात, एवढासा बदल, कुणाला कळणार?

उत्तर : साहेबांचं आधी उरकतो. बदल दोन ओळींचा की दोन हजार, परवान्याला त्याचं सोयरसुतक नाही. कंपनीतल्या कंपनीत वापरली असती तर गोष्ट वेगळी. गिऱ्हाइकाच्या हातात दिलीत की अटी लागल्या.

तुमचा स्वतःचा कोड झाकलेला राहू दे. नावातला 'एल' १९९९ पर्यंत 'लायब्ररी'चा होता, २.१ पासून 'लेसर'चा झाला, हा परवाना जीपीएल या त्याच्या कडक भावंडाहून मवाळ म्हणूनच. द्यायचा तो लायब्ररीचा सोर्स, तुमच्या दुरुस्तीसकट, त्याच परवान्याखाली. मूळ लेखकांच्या कॉपीराइटच्या ओळींना हात लावू नका. दोन्ही फायलींत वरच, कुणी बदल केला आणि कोणत्या तारखेला, ते लिहा. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) इतिहास आहे म्हणून भागत नाही. झिप उघडणाऱ्यापाशी तुमचं गिट नसतं. लायब्ररी वापरल्याचा ठळक उल्लेख आणि परवान्याची प्रतही सोबत हवी. (एमआयटी हा आणखी सैल परवाना असता तर कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर ठेवून सुटला असता.)

खरी मेख लिंकिंगमध्ये, म्हणजे लायब्ररी प्रोग्रॅमला कशी जोडली त्यात, आहे. गिऱ्हाइकाला त्या लायब्ररीच्या जागी स्वतः बदललेली प्रत बसवता आली पाहिजे. वेगळी डीएलएल (प्रोग्रॅम चालताना जोडली जाणारी स्वतंत्र फाइल) असेल तर चिंता नाही. स्टॅटिक लिंक केली, म्हणजे प्रोग्रॅमच्याच फाइलमध्ये मिसळली असेल, तर तुमच्या प्रोग्रॅमच्या ऑब्जेक्ट फायली (कंपाइल झालेले, पण अजून न जोडलेले तुकडे) द्याव्या लागतात, त्याला पुन्हा जोडता यावं म्हणून. शिवाय तुमच्या करारात 'रिव्हर्स इंजिनिअरिंगला (प्रोग्रॅम उलगडून आतलं काम पाहायला) सक्त मनाई' असणारच. गिऱ्हाइकाला आपले असले बदल तपासता येण्यापुरती ती उठवा. ते कलम सगळे कुठून तरी उचलतात, वाचत कुणी नाही.

सोर्स प्रोग्रॅमसोबतच द्या. त्याच गिऱ्हाइकाला किमान तीन वर्षं मागेल तेव्हा देऊ, असं लेखी देण्याचीही मुभा आहे, पण मी पुन्हा त्या वाटेला जाणार नाही. एकदा दीड वर्षाने एकाने सोर्स मागितला आणि आमच्याकडे लायब्ररीच्या चार प्रती निघाल्या. पाठवलेली कोणती, कुणालाच सांगता येईना. चारही बिल्ड करून (सोर्सपासून चालणारा प्रोग्रॅम बनवून) पाहिल्या, पाठवलेल्या प्रोग्रॅमशी एकीचाही मेळ बसेना. मधल्या काळात कंपायलर बदललेला. तेव्हापासून बिल्ड निघालं की त्याच फोल्डरमध्ये सोर्सची झिप पडते.