वडिलांना मेडिकल बोर्डाने 30 टक्के अपंगत्व दिलं, तरी पेन्शन नाकारली. टक्केवारी वाढवून मिळण्यासाठी अपील करावं का?

टक्केवारीच्या मागे लागू नका. तुम्ही लिहिल्याप्रमाणे वडील हवालदार, 2021 ला निवृत्त, उच्च रक्तदाब 30 टक्के, कायमस्वरूपी. डिसॅबिलिटी पेन्शनला 20 टक्के पुरतात. गाडी अडलीय ती बोर्डाच्या दुसऱ्याच रकान्यात: आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. इंग्रजी आद्याक्षरांवरून (Neither Attributable Nor Aggravated) याला 'नाना' म्हणतात. अपील या नानाविरुद्ध करायचं.

मी रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे सैनिकांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या लष्करी कार्यालयात, कारकुनी केली, आता गावातल्या माजी सैनिकांचे अर्ज लिहून देतो. बहुतेक जण तुमच्यासारखेच आकड्यावर अडतात. खरं तर सेवेशी संबंध मान्य झाला की 50 च्या आतली टक्केवारी 50 धरतात. नेहमीप्रमाणे निवृत्त झालेल्यांनाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात डिसेंबर 2014 मध्ये सांगितलं. शेवटचा पगार 50,000 धरला तर 30 टक्के अपंगत्वाला महिना 4,500 आणि 50 टक्के अपंगत्वाला 7,500, वर महागाई भत्ता. म्हणजे 30 चे 40 करून घेण्यात काही हशील नाही.

मुख्य आधार धरमवीर सिंग निकालाचा, 2013 चा. धरमवीर या लष्कराच्या सिग्नल्स (संदेशवहन) दलातल्या शिपायाला फिट्स येत म्हणून 1994 मध्ये घरी पाठवलं होतं. न्यायालय म्हणालं, भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळेच झाला असं गृहीत धरायचं. तो सेवेमुळे झाला हे सिद्ध करणं सैनिकाचं काम नाही, आणि बोर्डाला कारणं द्यावी लागतात. 'आजार पीस स्टेशनला (शांत भागातल्या पोस्टिंगवर) सुरू झाला' एवढ्या एका ओळीवर बोर्डाने भागवलं असेल, तर नेमकं तेच अपिलात मांडा. वजन, दारू, सिगारेट यांची नोंद असेल तर मात्र गप्प बसू नका, तिलाही उत्तर द्या. आणि 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आहेत, ते 2021 ला निवृत्त झालेल्या वडिलांना लागू नाहीत. त्यानंतर निवृत्त झालेल्या शेजाऱ्याचा अर्ज उतरवून काढू नका.

आधी रेकॉर्ड ऑफिसकडून रिलीज मेडिकल बोर्डाच्या (निवृत्तीवेळच्या वैद्यकीय तपासणीच्या) अहवालाची पूर्ण प्रत, भरतीचा वैद्यकीय अहवाल आणि पोस्टिंगची यादी मागवा. नकाराच्या पत्रापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, तिथेही नाही म्हणाले तर दुसरं. उशीर झाला असेल तर कारण देऊन माफी मागता येते. अपिलावर सहा महिने उत्तरच आलं नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाता येतं. महाराष्ट्रासाठी मुंबईचं खंडपीठ आहे. पण फार रेंगाळू नका. तरसेम सिंग प्रकरणात, 2008 मध्ये, हक्क मान्य होऊनही थकबाकी अर्जाआधीच्या तीनच वर्षांची मिळाली होती.

पहिल्या अपिलाला वकील लागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. न्यायाधिकरणासाठी मात्र पेन्शनच्याच केसेस चालवणारा वकील बघा.