टर्बो पेट्रोल गाडीत कोणतं इंजिन ऑइल टाकावं? मॅन्युअल एक सांगतं, गॅरेजवाले दुसरंच

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड १.५ लिटर टर्बो पेट्रोल गाडी घेतलीय, मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० दिलंय, गॅरेजवाले म्हणतायत टर्बो तापतो म्हणून जाड ऑइल हवं, २०डब्ल्यू-५० टाका, आणि मित्राचं म्हणणं रेसिंगचं १०डब्ल्यू-६० टाकलं की टेन्शनच नाही. तर ऐकायचं कुणाचं?

मॅन्युअलचं. पण तुम्ही मॅन्युअलमधलं अर्धंच सांगितलंय. ५डब्ल्यू-३० च्या शेजारी नाहीतर खाली अजून एक-दोन कोड असणार, एपीआय एसपी (एपीआय ही ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था), किंवा एसीईए सी३ (एसीईए ही युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना), किंवा गाडीच्या कंपनीचा स्वतःचा अप्रूव्हल नंबर. ऑइल निवडायचं ते त्या कोडवरून. डब्यावर पुढे मोठ्या अक्षरात जे छापलंय ते सगळे वाचतात, मागच्या लेबलावरची बारीक अक्षरं कुणी वाचत नाही, आणि टर्बो गाडीला कामाचं जे असतं ते तिथेच असतं.

माझं रोजचं काम इंजिनांचंच आहे म्हणून जरा खोलात सांगतो, कारण एकदा कारण कळलं की पुढे कुणी काही सांगितलं तरी तुमचा गोंधळ होणार नाही.

टर्बोमध्ये एका बाजूला एक्झॉस्टच्या गॅसवर फिरणारं चाक असतं, पेट्रोल इंजिनात हा गॅस ९०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत जातो, दुसऱ्या बाजूला हवा दाबणारं चाक, आणि दोघांना जोडणारा मधला शाफ्ट बोटापेक्षाही बारीक असतो. तो मिनिटाला २ लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो. बहुतेक गाड्यांत या शाफ्टला बॉल बेअरिंग नसतं, साधं बुश असतं आणि शाफ्ट अक्षरशः ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो. म्हणजे ऑइलला तिथे दोन कामं, शाफ्टला धातूला टेकू द्यायचं नाही आणि तिथली उष्णता उचलून घेऊन जायची. ऑइल आत येतं बारीक नळीतून प्रेशरने, पण बाहेर पडतं ते नुसतं उताराने, म्हणून परतीची नळी येणाऱ्या नळीपेक्षा कितीतरी जाड असते, ऑइल फेसाळूनच निघतं तिथून.

आता खरी मारामारी गाडी बंद केल्यावर होते. जोरात चालवून आलात आणि लगेच चावी बंद केली की पंप थांबतो, ऑइल आहे तिथेच उभं राहतं आणि टर्बाइनच्या बाजूची सगळी उष्णता मधल्या हाउसिंगमध्ये शिरते. साधं किंवा जुनं झालेलं ऑइल तिथे जळून कोळसा होतो. खराब टर्बो समोर आला की मी आधी ऑइल आणणाऱ्या नळीचा बँजो बोल्ट, म्हणजे ज्याच्या आतून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट, काढून उजेडात धरतो. चांगल्या गाडीत त्याच्या भोकातून आरपार दिसतं. वाईट गाडीत भोकाच्या कडेने काळा कडक थर असतो, कढईच्या बाहेरून जळून बसलेल्या तेलासारखा, नखाने निघत नाही, सुईने खरवडावा लागतो आणि भोक अर्ध्यावर आलेलं असतं. मग शाफ्ट हाताने हलवून बघा, आडवा प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागतो, चाकाच्या पात्यांची टोकं हाउसिंगला घासून चमकलेली दिसतात. मालक म्हणतात टर्बोच खराब निघाला, पण त्या टर्बोला ऑइलच पोचत नव्हतं, तो काय करणार बिचारा. नवीन गाड्यांत मधल्या हाउसिंगला कूलंटही फिरवतात, काहींत इंजिन बंद झाल्यावरही थोडा वेळ इलेक्ट्रिक पंप चालू राहतो, त्यामुळे त्रास पूर्वीपेक्षा खूप कमी झालाय, संपलेला मात्र नाही.

म्हणून पहिली गोष्ट, फुल सिंथेटिक. यात काटकसर नको. चांगलं सिंथेटिक उष्णतेत उडून कमी जातं आणि कोळसा कमी करतं. हे उडून जाणं मोजायची नोआक नावाची टेस्ट आहे, ऑइल २५० अंशांवर तासभर ठेवतात आणि वजन किती घटलं ते बघतात. एपीआय एसपीची या वर्गातल्या पातळ ग्रेडना मर्यादा १५ टक्के आहे, एसीईएची १३. कंपन्या बऱ्याचदा डेटाशीटमध्ये हा आकडा देतात, दोन ऑइलमध्ये अडकलात तर कमी आकड्याचं घ्या.

आता त्या ५डब्ल्यू-३० चं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिन सुरू होतानाचा, तो जितका लहान तितकं ऑइल थंडीत लवकर वर पोचतं. नंतरचा आकडा १०० अंशांवरच्या जाडीचा. यात अडचण अशी की ३० हा एक नेमका आकडा नाही, ती एक रेंज आहे, १०० अंशांवर ९.३ पासून १२.५ सेंटिस्टोकच्या (हे जाडी मोजायचं एकक) आतलं सगळं ३० मध्येच मोजतात. आणि त्याहून महत्त्वाचं एक वेगळं मोजमाप आहे, एचटीएचएस, म्हणजे १५० अंशांवर आणि प्रचंड घर्षणाच्या वेगात ऑइलची फिल्म, म्हणजे थर, किती जाड टिकते ते. टर्बोच्या शाफ्टला आणि क्रँकच्या बेअरिंगला प्रत्यक्षात हेच लागू पडतं. ३० ग्रेडला हे किमान २.९ लागतं. आता बघा, एसीईए ए५/बी५ चं ५डब्ल्यू-३० घेतलं तर एचटीएचएस २.९ ते ३.५ च्या मधे, मायलेजसाठी मुद्दाम कमी ठेवलेलं. आणि एसीईए सी३ चं ५डब्ल्यू-३० घेतलं तर किमान ३.५. दोन्ही डब्यांवर पुढे ५डब्ल्यू-३० च छापलेलं असतं हो! एखाद्या इंजिनाला ३.५ वालं हवंय आणि तुम्ही नुसता ग्रेड बघून दुसरं उचललंत तर तापलेल्या टर्बोत ती फिल्म कमी पडणार, आणि डब्याच्या पुढच्या बाजूवरून तुम्हाला ते कळणारही नाही. म्हणून म्हटलं कोड वाचा.

मॅन्युअलमध्ये गाडीच्या कंपनीचा स्वतःचा कोड असेल, उदाहरणार्थ फोक्सवॅगन ५०४ ००, मर्सिडीज २२९.५२, बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४, जीएमचं डेक्सॉस, तर तोच धरा, बाकी सगळं त्याच्यानंतर. कारण कंपनीने तो कोड स्वतःच्या टेस्ट लावून दिलेला असतो. पण लेबलवरची भाषा नीट बघा. "अप्रूव्हल" लिहिलं असेल तर गाडीच्या कंपनीने मान्यता दिलीय. "सूटेबल फॉर", "रेकमेंडेड फॉर", "मीट्स" असं काही असेल तर ते ऑइलवाल्याचं स्वतःचं म्हणणं आहे. ऑइल वाईटच असेल असं नाही, पण वॉरंटीत असलेल्या गाडीसाठी मी तरी अप्रूव्हलवालंच घेतो. आणि नवीन कोड म्हणजे जास्त चांगला असंही समजू नका, एपीआयमध्ये साधारण तसं चालतं, जुना एसएन दर्जा मागितलाय तिथे नवीन एसपी बिनधास्त टाका, पण फोक्सवॅगनचं ५०८ ०० हे पातळ ०डब्ल्यू-२० आहे आणि ५०२ किंवा ५०४ मागणाऱ्या इंजिनात ते टाकायचं नाही. चुकून जाऊ नये म्हणून त्याचा रंगही हिरवट ठेवलाय.

तुमची गाडी छोटी टर्बो पेट्रोल आहे, बहुतेक डायरेक्ट इंजेक्शनच, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारणारी, असेल, म्हणून एपीआय एसपीबद्दल थोडं. छोट्या टर्बो इंजिनांत एलएसपीआय म्हणजे लो स्पीड प्री-इग्निशन नावाचा प्रकार होतो. आरपीएम कमी, १५०० ते २५०० च्या आसपास, वरचा गिअर आणि पाय दाबलेला, अशा वेळी सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइल आणि पेट्रोल मिसळलेला थेंब स्पार्कच्या आधीच पेट घेऊ शकतो. त्यातून जो दणका बसतो त्याने पिस्टनच्या रिंगांमधली कडा तुटते, इंजिनच उघडावं लागतं. यात ऑइलचा थेट हात आहे, ऑइल साफ ठेवण्यासाठी घालतात त्यातला कॅल्शियम हा प्रकार वाढवतो, मॅग्नेशियम तसं करत नाही, म्हणून नवीन ऑइलमध्ये कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम वाढवलंय. एपीआयने यासाठी २०१८ मध्ये एसएन प्लस आणलं आणि २०२० मध्ये एसपी, त्यात टायमिंग चेनच्या झिजेची टेस्टही आली. २०२५ पासून एसक्यूही आलंय. तुम्हाला एसपी किंवा एसक्यू हवं, कुठे पडून राहिलेला साधा एसएनचा डबा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. आणि चढावर पाचव्या गिअरमध्ये गाडी कण्हत नेऊ नका, एक गिअर खाली घ्या, त्याने ऑइलइतकाच फरक पडतो.

गॅरेजवाल्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, जुन्या ढिल्या क्लिअरन्सच्या, म्हणजे भागांमध्ये जास्त फट असलेल्या, इंजिनांत जाड ऑइल चालायचं आणि त्यांचे हात त्यावर बसलेत. पण तुमच्या इंजिनात टर्बोचं बुश, व्हीव्हीटीचे (व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारे) सोलेनॉइड, चेन ताणून धरणारा टेन्शनर, पिस्टनखाली ऑइल मारणारे जेट सगळे पातळ ऑइल धरून बनवलेत. २०डब्ल्यू-५० सकाळच्या थंड स्टार्टला वर पोचायला वेळ लावणार आणि तेवढा वेळ टर्बोचा शाफ्ट जवळजवळ कोरडा फिरणार. शिवाय जाड ऑइल वाहतं कमी, म्हणजे उष्णता उचलूनही कमी नेतं, ज्या कारणासाठी टाकायचं म्हणताय नेमकं तेच उलटं होतं. १०डब्ल्यू-६० काही ठरावीक स्पोर्ट्स इंजिनांसाठी आहे, ती इंजिनंच त्या ऑइलसाठी बनवलेली, तुमचं नाही. हां, मॅन्युअलच्या तक्त्यात ५डब्ल्यू-३० सोबत ५डब्ल्यू-४० ही दिलं असेल आणि तुम्ही उष्ण हवेत, सामान भरून, घाटातून खूप चालवत असाल तर ४० घ्यायला काहीच हरकत नाही. तक्त्यात नसेल तर नको.

डिझेल टर्बो असेल किंवा पेट्रोलला पार्टिक्युलेट फिल्टर (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा) असेल तर लो-सॅप्स, म्हणजे कमी राख करणारं, एसीईएच्या सी ग्रुपमधलंच हवं, कारण ऑइलमधली धातूची राख फिल्टरमध्ये अडकते आणि काजळीसारखी ती जाळून काढता येत नाही. आणि काही छोट्या टर्बो इंजिनांत टायमिंग बेल्टच ऑइलमध्ये भिजत चालतो, तिथे कोडच्या बाहेरचं ऑइल म्हणजे बेल्टचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत. तुमचं तसं आहे का ते एकदा चेक करा.

बदलायचं कधी, हे ब्रँडपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. मॅन्युअलमध्ये नॉर्मलच्या शेजारी सिव्हिअर वापराचा तक्ता असतो, तो कुणी उघडत नाही. छोट्या फेऱ्या, ट्रॅफिकमध्ये उभं राहणं, धूळ, हे सगळं सिव्हिअरच आहे, म्हणजे आपल्यापैकी बहुतेक जण त्यातच येतात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये छोट्या फेऱ्यांत पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होत जातं. डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोलचा वास ठळक येत असेल आणि लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसत असेल तर किलोमीटर बघू नका, बदला. मी टर्बो पेट्रोलला १५ हजारांचा इंटरव्हल असला तरी ७-८ हजारांच्या पुढे नेत नाही, वर्षाच्या पुढे तर नाहीच. फिल्टर दर वेळी. आणि मॅक्सच्या वर भरू नका, जास्त ऑइलने परतीची वाट अडते आणि मग टर्बोच्या सीलमधून ऑइल निसटतं, निळा धूर दिसतो, लोक टर्बो बदलून मोकळे होतात.

तुमची गाडी सेकंडहँड आहे, आधी काय टाकलं होतं माहीत नाही, म्हणून किती चाललंय वगैरे हिशोब न करता आत्ताच ऑइल आणि फिल्टर बदला, मग ३-४ हजारांवर अजून एकदा बदला, हळूहळू सुटणारा मळ त्यात निघून जातो. इंजिन फ्लश नको, सुटलेला कचरा टर्बोच्या त्या बारीक नळीतच जाऊन बसायचा. वरून टाकायचे अॅडिटिव्ह पण नकोत, ऑइलमध्ये लागतं ते सगळं मोजून घातलेलं असतं.

प्रवासात कधी लेव्हल मिनच्या खाली गेली आणि हवा तो कोड मिळतच नसेल तर त्याच ग्रेडचं, निदान एसपीचं कुठलंही सिंथेटिक मॅक्सपर्यंत टाका आणि पुढे जा, ऑइलं एकमेकांत मिसळतात, काही फाटत नाहीत, कमी लेव्हलवर टर्बो चालवणं त्याहून फार वाईट. परत आल्यावर बदलून घ्या. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि मॅन्युअलच्या त्या पानावरचा कोड इथे कमेंटमध्ये टाकलात तर नेमकं कोणतं घ्यायचं ते बघून सांगतो.