ताई, माझा विश्वास कमी पडला का?

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा आलाय की समोरचं माणूस "एक विचारू का" म्हणून थांबलं की मला कळतं आता काय येणारे. प्रार्थना केली, उपास केले, चर्चच्या पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला, अख्खी मंडळी गुडघ्यावर आली, तरी आपलं माणूस गेलं. मग चुकलं कोणाचं? देवाचं म्हणायची भीती वाटते, मग उरतं कोण, आपणच.

एक केस सांगते. तिला विचारून सांगतेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ती शाळेत शिक्षिका, वय 32, माहेर नगरकडचं, लग्न होऊन पिंपरीला आलेली. तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर, ही स्वतः क्वायरमध्ये. लग्नानंतर 6 वर्षांनी दिवस राहिले. 38वा आठवडा चालू होता, एका संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की आज बाळ हललंच नाही. दवाखान्यात गेले, सोनोग्राफी करता करता डॉक्टर बोलायच्या थांबल्या आणि तिथेच तिला कळलं. मुलगा होता. नंतर नाळ तपासली, रक्त तपासलं, शुगर, बीपी, सगळं नॉर्मल, आणि रिपोर्टमध्ये शेवटी लिहिलं, कारण अज्ञात. असं होतं, खूप जणींच्या बाबतीत सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही आणि कोणाची चूकही नसते, पण आईला ते पचत नाही, कारण असतं तर निदान त्याला शिव्या तरी घालता येतात.

तिसऱ्या दिवशी तिला दूध आलं. हे होणार असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ब्लाऊज भिजला आणि ती बाथरूममध्ये नळ चालू ठेवून बसून राहिली, बाहेर सांत्वनाला आलेली माणसं भजन म्हणत होती.

त्या माणसांबद्दल काय सांगू, मनाने वाईट कोणीच नव्हतं. पण एक म्हणाली देवाला ते फूल आवडलं, दुसरी म्हणाली पुढच्या वेळी पूर्ण विश्वासाने माग, आणि एकीने तर हळूच विचारलं, घरात काही पाप कबूल करायचं राहिलंय का. बायबलमध्ये योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी अगदी हेच विचारलंय, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापाने, आणि येशू म्हणतो याने नाही आणि आईबापानेही नाही. हा धडा ती स्वतः शब्बाथशाळेत मुलांना शिकवायची.

5 महिन्यांनी सासूबाई तिला माझ्याकडे घेऊन आल्या. "चर्चला येत नाही, प्रार्थनेला बसत नाही, हिला जरा समजवा." मी म्हणलं, आई, तुम्ही बाहेर बसा. आत आल्यावर तिने पर्समधून पिवळ्या लोकरीचं टोपडं काढलं, स्वतः विणलेलं, आणि तासभर त्याचा एक धागा बोटाला गुंडाळत बसली. बोलली एकच वाक्य, जे वर टायटलमध्ये आहे.

आणि मी काय केलं? मोठी चूक केली. पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली, मग भाऊ, लग्नाला 2 वर्षं व्हायच्या आत नवरा कॉलऱ्याने गेला, आणि शेवटी 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा, तरी बाईंनी केडगावला बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही, पुढच्याच वर्षी स्वतः गेल्या. सगळं खरंय. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "ताई, त्या रमाबाई होत्या. मला सकाळी उठून दात घासणं होत नाहीये." इतकी वर्षं हे काम करतेय आणि तरी मी तेच केलं जे भजनवाल्या बायकांनी केलं होतं. सॉरी म्हणलं तिला.

पुढच्या वेळी मी तिला सरळ सांगितलं की देवाने हे का होऊ दिलं ते मला माहीत नाही आणि मी कारण शोधूनही देणार नाही. फक्त होमवर्क दिला, बायबलमधलं रूथचं पुस्तक वाच, चारच अध्याय आहेत, पण रूथकडे नको, तिच्या सासूकडे, नामीकडे बघ. नामी मवाबात नवरा आणि दोन्ही मुलं पुरून बेथलेहेमला परत येते आणि बायकांना सांगते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, मारा म्हणजे कडू, भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी आणलं. मी म्हणलं, असं बोलल्यावर देव तिला कुठे झापतो ते शोधून आण.

ती आली ते जरा चिडूनच. "कुठेच नाही. आणि ते तिघे का मेले तेही कुठे लिहिलेलं नाही."

नाहीच लिहिलेलं. शेवटी मांडीवर नातू येतो तरी नाही. मग आम्ही 88वं स्तोत्र मोठ्याने वाचलं, त्याच्या शेवटी 'तरीपण' वगैरे काही येत नाही, ते अंधारातच संपतं, आणि तरी ती प्रार्थना म्हणून पवित्र शास्त्रात आहे. ती म्हणाली मी रोज रात्री देवाशी भांडते. मी म्हणलं, ज्याच्याशी नातं तुटलं त्याचा आपण फोनही उचलत नाही, तू तर रोज रात्री लावतेयस. यावर ती पहिल्यांदा रडली.

झोप मात्र अजिबात नव्हती, म्हणून मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, 4 महिने गोळ्या घेतल्या तिने. गोळी घेणं म्हणजे अविश्वास नाही, डायबेटिसच्या गोळीला कोणी असं म्हणत नाही. मरणाचे विचार येत असतील तर थांबू नका, 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन फुकट आहे.

आणि नवरा. तिचं म्हणणं, ते विसरले पण. त्यालाही बोलावलं. बराच वेळ मोबाईल हातात फिरवत बसला, मग म्हणाला, "पेटी मी उचलली होती. काही वजनच नव्हतं तिला." उपासनेनंतर दर रविवारी भाजी आणायला जातो सांगून हा कबरस्तानात जायचा, तिला पत्ताच नव्हता. मला एकदम आठवलं, नामी रिकामी आले म्हणाली तेव्हा रूथ तिच्या शेजारीच उभी होती.

नंतर दोघांनी बाळाला नाव ठेवलं. नाव सासूबाईंनी सुचवलं. पाळकसाहेब कबरीवर येऊन फक्त एक स्तोत्र वाचून गेले, उपदेश केला नाही, त्याबद्दल त्यांना मनापासून धन्यवाद. पाटीवर जिथे दोन तारखा लिहितात तिथे एकच आहे.

ती क्वायरमध्ये परत आलीये. का झालं ते अजून विचारतेच, उत्तर आलेलं नाही. नाताळात बाळ येशूचा पाळणा सुरू झाला की ती तोंड मिटून उभी राहते. पहिल्या वर्षी क्वायर मास्तरांनी विचारलं, आवाज का येत नाहीये, तर शेजारच्या बाईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते निमूट पेटीकडे वळले.