कॉर्न्ड बीफमध्ये मका शोधू नका

प्रश्न असा आहे: 'स्लो कुकरमध्ये कॉर्न्ड बीफ, बटाटे, गाजरं आणि कोबी एकत्र शिजवायची अमेरिकन कृती मराठीत लिहितेय. साहित्यात मका कुठेच दिसत नाही. मग हे कॉर्न्ड कशामुळे? आणि मराठीत काय लिहू?'

मका नाहीच. कॉर्न म्हणजे मुळात दाणा, कण. तो धान्याचाच असला पाहिजे असंही नाही: मिरीचा दाणा पेपरकॉर्न, आणि बंदुकीच्या दारूचे दाणे पाडण्यालाही कॉर्निंगच म्हणत. मग ज्या मुलखात जे धान्य मुख्य, ते तिथलं कॉर्न. इंग्लंडात गहू, स्कॉटलंडात ओट. ब्रिटिश संसदेने १८४६ साली रद्द केलेले 'कॉर्न लॉज' धान्याच्या आयातीबद्दलचे होते, एकट्या मक्याबद्दलचे नव्हेत. अमेरिकेत जाऊन वसलेले इंग्रज मक्याला 'इंडियन कॉर्न' म्हणू लागले आणि पुढे त्यातलं इंडियन गळलं. बीफला चोळायचे ते जाड मिठाचे दाणे, म्हणजे आपलं खडेमीठ. दाणे चोळलेलं, म्हणून कॉर्न्ड.

जाता जाता: हा कॉर्न, लॅटिनमधला ग्रानुम आणि संस्कृतातला जीर्ण एकाच धातूतून आलेले मानतात. त्या धातूचा अर्थ, वय होणं, पिकणं. पायाला होणारं कुरूप मात्र वेगळ्या घरचं. तो कॉर्न लॅटिन कोर्नुवरून, म्हणजे शिंगावरून आला. आपल्या शृंगाचा नातलग.

आता मराठी. 'खारवलेलं बीफ' चुकीचं नाही, पण खारवलेलं म्हटलं की मला मीठ लावून उन्हात वाळवलेले मासे आठवतात, आणि हे मांस वाळवलेलं नसतं. आज अमेरिकेत ते मिठाच्या पाण्यात, मिरी, मोहरी, धणे, तमालपत्र घालून, आठवडाभर बुडवून ठेवतात. दाणे चोळणं मागे पडलं, इंग्रजी नाव तेवढं राहिलं. असं मिठाच्या पाण्यात मुरवण्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे. कोकणात खारातले आंबे असतात ना? तसं हे 'खारातलं बीफ'. इंग्रजी नावापेक्षा हे आजच्या वस्तूला जास्त लागू पडतं. तरी शीर्षकात कॉर्न्ड बीफच ठेवा, कारण दुकानातल्या पाकिटावर तेच असतं. कंसात खारातलं लिहा. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत गुरांची जीभ अशीच मिठात मुरवतात, त्यामुळे कल्पना तिथल्या वाचकाला परकी वाटणार नाही.

शब्द कळला की कृतीतल्या सूचनाही आपोआप कळतात. मांस आधी धुऊन घ्या आणि वरून मीठ घालू नका, असं का? मीठ आत मुरलेलंच आहे. शिजूनही गुलाबी का? खारात नायट्राइट नावाचा क्षार असतो, त्याने रंग गुलाबी राहतो. पूर्वी त्यासाठी सोरा घालत. अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू इंग्लंडात, तो क्षार न घालता केलेलं राखाडी कॉर्न्ड बीफही मिळतं. तुकडा ब्रिस्केटचा, म्हणजे छातीचा, चिवट. त्यातलं कोलॅजन, म्हणजे मांसाला चिवट करणारं प्रथिन, विरघळायला आठ-दहा तास मंद आच लागते. कोबी मात्र शेवटच्या तास-दीड तासात घालायचा, नाहीतर त्याचा लगदा होतो.

कृतीखाली 'पारंपरिक आयरिश जेवण' असं लिहिणार असाल तर थांबा. आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरातून खारातलं बीफ शेकडो वर्षं बाहेर जात होतं खरं, पण तिथल्या गरिबाच्या ताटात मांस असलंच तर ते बहुधा डुकराचं असे. बीफ आणि कोबीची जोडी जमली ती अमेरिकेत, तिथे स्थायिक झालेल्या आयरिश लोकांत. सतरा मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, ती आवर्जून होते.

लंडनचे वाचक असतील तर एक तळटीप द्याच: तिथे कॉर्न्ड बीफ म्हणजे डब्यातलं बारीक, दाबून भरलेलं मांस. तुमच्या कृतीतल्या तुकड्याला ते सॉल्ट बीफ म्हणतात. डबा उघडून स्लो कुकरमध्ये आठ तास ठेवला, तर हाती काहीच लागणार नाही.