मंगूसचं अनेकवचन आणि आपलं मुंगूस

प्रतापनगरच्या एका ताईंनी विचारलंय : "मुलीनं इंग्रजीच्या पेपरात 'मंगूस'चं अनेकवचन 'मंगीस' लिहिलं. गूसचं गीस होते ना, म्हणून. टीचरनं काट मारली. आता ती घरी भांडून राहिली. चूक कोणाची?"

ताई, काट बरोबर आहे. पण पोरीचं डोकंही बरोबर चाललं. फूटचं फीट, टूथचं टीथ, गूसचं गीस, मग मंगूसनं काय घोडं मारलं? घोटाळा एवढाच, की मंगूसमधला 'गूस' हा तो पाण्यातला पक्षी नव्हेच. ते आपलं मुंगूस आहे! ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर शिवकाळात मुंबई, सुरत, जुन्नर फिरून गेला. त्याचं प्रवासवर्णन 1698 साली लंडनात छापलं, त्यात हा शब्द आहे. कदाचित मधे पोर्तुगीजांच्या तोंडूनही तो गेला असेल. इंग्रजांना शेवटचं 'गूस' ओळखीचं वाटलं आणि स्पेलिंगही हळूहळू तसंच होऊन बसलं. शब्द बाहेरचा, म्हणून अनेकवचन साधं : मंगूसेस.

गंमत पुढे आहे. तो पक्षी गूस आणि आपला संस्कृत हंस हे खरोखर एका मुळाचे, म्हणजे दूरचे भाऊ. मंगूसचं मात्र त्या गूसशी काहीच नातं नाही.

मुंगूस तरी मूळचं मराठीच का? बहुधा नाही. तेलुगूत 'मुंगिस', कन्नडात 'मुंगुसि'. शब्द द्राविडी भाषांतून आपल्याकडे आला असं मानतात. सिरोंच्याचं कोणी ओळखीचं असेल तर विचारून पाहा, तिकडे घरोघरी तेलुगू चालते. संस्कृतात या प्राण्याला नकुल म्हणतात आणि त्याचंच हिंदीत नेवला झालं. आपल्या नागपुरात अर्धी पोरं नेवलाच म्हणतात, त्याला इलाज नाही. आम्ही अंबाझरीकडच्या झुडपांत शेपूट दिसलं की ओरडायचो, "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ!" 'नेवल्या नेवल्या' म्हणून ते कशाला वळून पाहणार?

आणि हो, पोरीला मराठीतलं अनेकवचनही विचारून ठेवा. ते मुंगूस, ती मुंगसं. तिथे 'मुंगूसं' लिहिलं तर मराठीच्या पेपरातही काट बसेल.